एका आडनांवाची कुळकथा

आमचा कुलवृत्तांत नव्यानें छापावयाचा असें गेल्या वर्षीं कुळांतील मंडळींनीं ठरविलें, आणि आमच्या शाखेची वंशावळ लिहून देण्याचें काम माझ्यावर आलें. जुन्या चोपड्या, जीर्ण पत्रें, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांची जुळवाजुळव करून मीं सात पिढ्यांचा तक्ता पुरा केला. फक्त एक चौकट रिकामी राहिली. माझ्या पुतण्यानें व सूनबाईंनीं आठ वर्षांपूर्वीं एका अनाथाश्रमांतून दहा महिन्यांची मुलगी रीतसर दत्तक घेतली. ती आम्हां सर्वांच्या अंगाखांद्यावर वाढली. परंतु तक्ता पाहून दादा म्हणाले, "पोर आपली आहे, तिला कांहीं कमी पडूं देऊं नका. पण वंशावळ ही रक्ताची नोंद. तींत तिचें नांव कसें घालतोस?" वडील भावापुढें बोलण्याची मला संवय नाहीं. मीं मान हलविली आणि चौकट तशीच ठेवली.

पुढें चारच दिवसांनीं ती आईबरोबर बाजारांत जाऊन आली, ती हातांत कागदी पेला घेऊन. त्यावरचें नांव मला दाखवीत तिनें विचारलें, "आजोबा, हे मॅक्‌डोनल्ड कोण?"

मीं म्हटलें, "मॅक म्हणजे मुलगा. डोनल्डचा मुलगा तो मॅक्‌डोनल्ड."

"आणि मुलगी असली तर?"

"तर मॅकच्या जागीं निक. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंत तशीच रीत आहे."

तिचें समाधान झालें व ती खेळावयास पळाली. माझें मात्र झालें नाहीं. तरुणपणीं स्कॉटलंडच्या इतिहासाचें मला वेड होतें. त्या रात्रीं तें आडनांव आणि टेबलावरची रिकामी चौकट हीं दोन्ही मनांत एकत्र घोळूं लागलीं.

या कुळाचा आरंभ मोठा थाटाचा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांचा सोमरलेड नांवाचा एक पराक्रमी अधिपति ११६४ सालीं लढाईंत पडला. त्याच्या नातवाचें नांव डोनल्ड. गेलिक भाषेंत त्याचा अर्थ जगाचा स्वामी असा होतो. त्याचे वंशज ते मॅक्‌डोनल्ड. आयला बेटावर फिनलॅगन नांवाचें तळें आहे. त्यांतील लहानशा बेटावर त्यांची राजसभा भरे. 'द्वीपांचा स्वामी' ही त्यांची पदवी. १४९३ सालीं स्कॉटलंडच्या राजानें ती त्यांजकडून काढून घेतली. पदवी मात्र मेली नाहीं. आज ती ब्रिटिश सिंहासनाच्या वारसाकडे असते, व २०२२ पासून युवराज विल्यम हे ती धारण करितात. म्हणजे ज्या पदवीनें हें कुळ नांवारूपास आलें, ती दुसऱ्याच्याच घरीं नांदत आहे.

या कुळाची दुसरी शाखा समुद्रापलीकडे आयर्लंडांत गेली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कुळांतील एका पुरुषानें बिसेट घराण्यांतील मार्जरीशीं विवाह केला, व तिच्याबरोबर अँट्रिमच्या दऱ्याखोऱ्यांतील मुलूख या घराण्याकडे आला. तेथें आडनांवाचें रूप मॅक्‌डॉनेल असें झालें. समुद्रावर ओणवलेला डनलूसचा पडका किल्ला त्यांचाच. १६२० सालीं त्यांना अँट्रिमचे अर्ल ही पदवी मिळाली. पुढें अठराव्या शतकांत एका अर्लला मुलगा झाला नाहीं. त्यानें १७८५ सालीं राजाकडून अशी नवी सनद मिळविली कीं, पदवी मुलींकडेही जावी. ती एकीमागून एक अशी दोन मुलींकडे गेली. धाकटीचा विवाह कर घराण्यांत झालेला. पुढें तिच्या मुलांनीं बापाचें आडनांव सोडून मॅक्‌डॉनेल हें नांव घेतलें, आणि पदवी त्यांच्याच वंशांत चालत राहिली. ज्या आडनांवाचा अर्थच 'अमक्याचा मुलगा' असा, तें टिकविलें एका मुलीनें!

शिवाय डोंगरांतल्या सामान्य कुळांची गोष्टच वेगळी. नायकाच्या जमिनीवर राहणाऱ्या व त्याच्या आश्रयास आलेल्या अनेकांनीं त्याचेंच नांव घेतलें. त्यांतल्या कितीकांच्या अंगांत डोनल्डचें रक्त होतें, हें कोणी विचारलें नाहीं. नांव घेतलें म्हणजे त्याच्या सुखदुःखाचा वांटा आला. तो केव्हां केव्हां फार जड असे. १६९२ सालीं ग्लेन्को येथील मॅक्‌डोनल्डांच्या नायकास विल्यम राजाच्या निष्ठेची शपथ घेण्यास पांच दिवसांचा उशीर झाला. एवढ्यावरून सैनिकांची एक तुकडी तेथें पाठविण्यांत आली. ती पाहुणी म्हणून राहिली. जवळजवळ पंधरवडाभर तिनें त्यांच्याच चुलीवरचें अन्न खाल्लें, आणि १३ फेब्रुवारीच्या पहांटे यजमानांचीच कत्तल केली. सुमारें अडतीस माणसें मारलीं गेलीं. कित्येक बर्फांत पळतां पळतां मेलीं. त्या तुकडीच्या अधिकाऱ्याची सोयरीक नायकाच्या घरींच होती, पण रक्ताचें नातें आड आलें नाहीं. आणि मरणाऱ्यांतला खरा वंशज कोण व आश्रित कोण, हेंही तलवारीनें पाहिलें नाहीं.

आमच्या घरांत हें नांव दुसऱ्याच कारणानें परिचित होतें. १९३२ सालीं जातीय निवाडा देणारे ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्‌डोनल्ड; त्या निवाड्यावरूनच गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत उपोषण केलें व २४ सप्टेंबर रोजीं पुणें करार झाला. वडील त्या दिवसांच्या गोष्टी सांगत, त्यांत हें नांव हटकून येई. परंतु या गृहस्थांचें बाळपण मला पुष्कळ उशिरां कळलें. १८६६ सालीं लॉसीमथ या कोळ्यांच्या गांवीं त्यांचा जन्म झाला. आई मोलकरीण, बाप शेतावरचा मजूर; दोघांचें लग्न झालेलें नव्हतें. जन्माच्या नोंदींत आडनांव लागलें तें आईचें, रॅम्से. पुढें पहिल्या महायुद्धास त्यांनीं विरोध केला, तेव्हां १९१५ सालीं एका साप्ताहिकानें त्यांच्या जन्माचा दाखलाच छापून काढला. हेतु एकच, कीं हा मनुष्य स्वतःच्या नांवाचाही मालक नाहीं असें जगानें म्हणावें. तो घाव त्यांना फार लागला. पण १९२४ सालीं तेच त्या देशाचे पंतप्रधान झाले. आज मॅक्‌डोनल्ड कुळांतील थोर पुरुषांची गणना करावयास बसलें, तर त्यांचें नांव वगळण्याचें कोणाच्या मनांतही येणार नाहीं.

माझ्या नातीच्या पेल्यावरचें नांव आलें तें आयर्लंडहून अमेरिकेंत गेलेल्या एका जोडप्याच्या मुलांकडून. त्या दोघां भावांनीं १९४० सालीं कॅलिफोर्नियांत खाणावळ काढली. १९६१ सालीं क्रॉक नांवाच्या गृहस्थानें ती विकत घेतली, परंतु पाटी बदलली नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं तर एक पर्वतरांगच १८६० पासून मॅक्‌डॉनेल म्हणविते. तिला तें नांव एका गव्हर्नरावरून मिळालें.

या साऱ्याचा विचार करितां मला आपल्याच तक्त्याची आठवण झाली. दुसऱ्या दिवशीं तो घेऊन मी दादांकडे गेलों. चौथ्या पिढीवर बोट ठेवून म्हटलें, "दादा, हे आपले पणजोबा. यांच्या नांवापुढें 'द' असें बारीक अक्षर आहे, तें तुम्हीं पाहिलें असेल."

"दत्तक आले होते ते. ठाऊक आहे मला."

"दुसऱ्या गोत्राच्या घरांतून आले. म्हणजे त्यांच्याखालची सगळी ओळ, तुम्ही व मी धरून, वरच्या रक्ताची नव्हेच. तरी आजवर पितरांना पाणी आपणच दिलें ना?"

"तो विधिपूर्वक घेतलेला मुलगा होता."

"हीही विधिपूर्वकच घेतली आहे. १९५६ पासून कायद्यानें मुलगीही दत्तक घेतां येते. राहिलें तें एवढेंच कीं, ती मुलगा नाहीं."

एवढें मी दादांपुढें जन्मांत बोललों नव्हतों. ते रागावतील म्हणून मी खालीं पाहत उभा राहिलों. त्यांनीं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, व तक्ता डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ पणजोबांच्या चौकटीकडे पाहिलें.

"हें 'द' अक्षर आपण पणजोबांच्या नांवाला लावलें आहे," ते अखेर म्हणाले, "तर तिच्याही नांवाला लाव. कमी नको, जास्ती नको. आणि जन्मसाल घालावयास विसरूं नकोस. बाकी सगळ्यांचें घातलें आहेस."

मीं तेथेंच, त्यांच्याच टांकानें, तें नांव लिहिलें.