आडवी दांडी

खांदा आखडल्यापासून गाडीखाली शिरणं थांबलं. आता खाली जातो तो माझ्या मित्राचा मुलगा, आणि मी शेजारी स्टूल टाकून सांगत बसतो. हाताला जे न विचारता कळायचं, त्याला आता तोंडाने कारण द्यावं लागतं.

परवा सॅन होझेतल्या आमच्या गॅरेजात १९७२ ची शेव्हरोले सी-टेन आली. मालकाला ती खाली बसवून हवी होती. पोराने विचारलं, "काका, दोन-चारचं किट मागवू की चार-सहाचं?" पुढून किती इंच, मागून किती. खोक्यावर तेच दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि गिऱ्हाईकही त्याच आकड्यांत बोलतं. मी म्हटलं, "आधी मागे जा. पॅनहार्ड बार बघ."

पुढच्या बाजूचं मला फारसं काही वाटत नाही. ड्रॉप स्पिंडल अडीच इंच देतात आणि स्प्रिंगची चाल शाबूत ठेवतात, चार इंच हवे असतील तर उरलेला दीड इंच कॉइलमधून काढायचा. मूळची कॉइल ग्राइंडरने कापणाऱ्यांशी मी या विषयावर बोलतच नाही. माझा जीव अडकतो तो मागे. या गाडीला मागे कमानपाटे नाहीत, कॉइल आहेत. पाट्यांनी एक्सल आपोआप जागेवर धरला असता. कॉइल वजन पेलते, पण एक्सलला बाजूला जाण्यापासून रोखत नाही. ते काम एकट्या पॅनहार्ड बारचं, म्हणजे एक टोक चासीला आणि दुसरं एक्सलला बांधलेल्या दांडीचं. दार उघडताना त्याची कड जशी गोलात फिरते, तसं या दांडीचं एक्सलकडचं टोक फिरतं. म्हणून एक्सल वर येताना बाजूलाही सरकतो.

किती सरकतो? दांडी २४ इंच आणि सुरुवातीला अगदी आडवी धरा. एक्सल पहिला इंच वर आला, तर सरक इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढी. चार इंच उतरवलं की ती इंचाच्या तिसऱ्या भागावर जाते, आणि रुंद टायर असेल तर एका बाजूला मडगार्डला घासायला लागतो. यावर किटवाले आटे फिरवून लांबी जुळवायची दांडी देतात. फिरवली, एक्सल मध्यात आला, फोटो काढला. पण दांडी तिरकीच राहिली! त्या जागेवरून एखाद्या उंचवट्यावर एक्सल आणखी एक इंच वर गेला, तर त्या एका इंचातली सरक पहिल्या इंचाच्या जवळपास नऊपट होते. वळणावर ढुंगण झटकल्यासारखी गाडी वागते ती इथे, आणि लोक मात्र शॉक ॲब्सॉर्बर बदलत बसतात. चासीकडचा ब्रॅकेट वर घ्यावा किंवा एक्सलकडचा खाली, दांडी आडवी करावी आणि जागा मिळेल तितकी लांब ठेवावी. हे सगळं झाल्यावर खोक्यावरचे आकडे बघावेत.

हल्लीची किटं उभ्या गाडीसाठी निघतात, असं माझं ठाम मत आहे. स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या लावणाऱ्या एअर बॅगवाल्यांचा तर प्रश्नच वेगळा. त्यांची उंची बटणावर बदलते. मग दांडी आडवी ठेवायची ती कोणत्या उंचीला? मी हे विचारलं की ते कॉम्प्रेसरबद्दल बोलू लागतात. हायड्रॉलिक्सवाल्या जुन्या लोकांबद्दल मात्र मला आदर आहे. कॅलिफोर्नियात १९५८ च्या कायद्याने गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली यायला मनाई केली, तेव्हा हव्या त्या वेळी गाडी वर घेता यावी म्हणून त्यांनी पंप बसवले. त्याला गरजेचं कारण होतं. अशा मुद्दाम खाली बसवलेल्या गाड्यांचं 'लोरायडर' मासिक १९७७ मध्ये याच शहरात सुरू झालं. २०२४ पासून कायद्याची ती बंदी गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिच्या जोरावर मेक्सिकन वस्तीतल्या माणसांना केवळ गाडीच्या उंचीवरून अडवलं जायचं.

माझे वडील कोल्हापुरात पाटे बसवायचे. तिथे गिऱ्हाईक यायचं ते एक पाटा वाढवून घ्यायला, माल जास्त भरता यावा म्हणून. गाडी मुद्दाम खाली घेणारा माणूस त्यांना कधी भेटला नाही. पण काम झालं की ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहत आणि दोन्ही बाजूंचं अंतर डोळ्याने मोजत. ती सवय माझ्यात आली, आणि तिच्यासोबत एक हावही. मी उतरवलेली गाडी सिग्नलला पुढे थांबली असेल, तर मागच्या माणसाने नुसत्या तिच्या बसण्यावरून ओळखावं की हे काम कोणाचं. मालकाने नाव सांगण्याआधी ओळखावं. या वयातही ही इच्छा कमी झालेली नाही, उलट हात चालेनासा झाल्यापासून वाढलीच आहे.

सी-टेनचा मालक हौद्यात अधूनमधून फरशा नेतो, म्हणून मागून चार इंचच ठरले. त्यातही चासीला एक्सलच्या वर अर्धगोल खाच घेऊन वरून पत्रा वेल्ड करायचा, म्हणजे भरल्या गाडीत एक्सल चासीला आदळणार नाही. पोराचं म्हणणं, पॅनहार्ड बार काढूनच टाकू आणि वॅट्स लिंकेज लावू. त्यात दोन दांड्या आणि मध्ये फिरणारा तुकडा असतो, एक्सल जवळजवळ सरळ वर-खाली जातो. भूमिती त्याच्या बाजूने आहे, हे मला मान्य आहे. पण त्यात सांधे जास्त, आणि ते झिजले की ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधायला गाडीखाली बराच वेळ पडून राहावं लागतं. तो म्हणतो, पडून राहीन. मी त्याला त्यासाठी डिफरन्शियलच्या झाकणाजवळची जागा मोजून आणायला सांगितलंय.