बंबाचा हिशेब

आमच्या घरात अजून तांब्याचा बंब आहे. न्हाणीघरात गीझर आला त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. पण नरकचतुर्दशी जवळ आली की मी माळ्यावरून बंब उतरवतो, चिंचेने घासून लखलखीत करतो आणि पहाटे ढलप्या पेटवून पाणी तापवतो. "घरभर धूर करता!" ही सौभाग्यवतींची तक्रार ठरलेली. तो धूर नाकात गेला, की मला दुसरा बंब आठवतो. तांबडा, घंटा वाजवीत येणारा. एकाच्या पोटात आग आणि भोवती पाणी. दुसऱ्याच्या पोटात पाणी आणि समोर आग! नाव मात्र आपण दोघांना एकच ठेवले आहे.

या दुसऱ्या बंबाचा हिशेब मी एकदा तपासायला गेलो होतो. जन्मभर हिशेबतपासनीस म्हणून नोकरी केली. निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

गोष्ट २००९ च्या लक्ष्मीपूजनाची. आमचा बोळ अरुंद, वाडे जुने. कुणाचा तरी बाण शेजारच्या वाड्याच्या फुटक्या कौलातून माळ्यावर शिरला. तिथे जुन्या गाद्या आणि लाकूडफाटा. बघता बघता कौलांतून धूर निघू लागला. "१०१ लावा!" असा ओरडा झाला, आणि मी सवयीने घड्याळ पाहिले. आठ वाजून दहा मिनिटे. मग मागच्या हौदावर बादल्यांची रांग लागली, तिच्यात मीही उभा राहिलो. वरच्या मजल्यावर ऐंशी उलटलेल्या माई एकट्या होत्या, हे आठवून हातपाय कापत होते. बंब दारात आला तेव्हा आठ एकतीस झाले होते. निम्मे छप्पर गेले. माई मात्र पुढच्या ओट्यावर कांबळे पांघरून बसलेल्या दिसल्या आणि जीव भांड्यात पडला.

भाऊबीज होताच मी तक्रारअर्ज लिहिला. 'अंतर दोन किलोमीटर, वेळ एकवीस मिनिटे, खुलासा व्हावा.' तो पोस्टात न टाकता स्वतःच केंद्रावर घेऊन गेलो.

अंगणात जवान ओले पाइप वाळत घालीत होते. अधिकारी माझ्या मुलापेक्षा लहान. "बसा, काका," म्हणून त्याने अर्ज दोनदा वाचला आणि मुकाट्याने वर्दीची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. वही पाहिली की माझा चष्मा आपोआप डोळ्यांवर येतो.

वर्दी मिळाली ८.१४.

"चार मिनिटं कुठं गेली?" मी विचारले.

"पहिल्या दोघांनी 'आग लागलीय, लवकर या' म्हणून फोन ठेवला, काका. पत्ता तिसऱ्यानं सांगितला."

निघालो ८.१५. बोळाच्या तोंडाशी ८.२१. जवान पायी आत ८.२३. वृद्ध स्त्रीला खाली आणले ८.२७. बंब आत ८.३१.

मी पुन्हा वाचले. बंब येण्यापूर्वी चार मिनिटे माई खाली आल्या होत्या! मी बंबाची वाट पाहत हौदावर उभा होतो. माणसे पुढच्या दाराने वर गेली, ती मी पाहिलीच नाहीत. गाडी मोजली, माणसे मोजायची राहून गेली.

शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ होती : 'बोळाच्या तोंडाशी पांढरी मोटार. मालक सापडला नाही. ढकलून बाजूस केली.' पुढे मोटारीचा नंबर.

"गाडी कुणाची, ते तुमच्याकडं कळलं का हो?" त्याने सहज विचारले.

नंबर मला पाठ होता. दिवाळसणाला आलेल्या जावयांना मीच म्हणालो होतो, "लावा इथंच. सणासुदीला कोण येतंय!"

"माझी," मी म्हणालो. आवाज मलाच ओळखू आला नाही.

तो काही बोलला नाही. चहा मागवला. "अर्ज ठेवा, काका. त्या पहिल्या चार मिनिटांचा विचार आम्हालाही करायला हवा," एवढेच म्हणाला.

चहा घेताना भिंतीवर अग्निशमन सप्ताहाचा जुना फलक दिसला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापूस होता, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी गेले; म्हणून तो दिवस देशभर पाळतात. सोन्याच्या बहुतेक विटा पुढे सापडल्या, मोजल्या गेल्या. त्या ६६ जणांची नोंद कुठल्या खात्यावर करायची? आगीत काय जळले ते सर्वांना दिसते. काय जळायचे वाचले, त्याला आमच्या वह्यांत रकानाच नसतो.

अर्ज मी परत घेतला आणि घरी येऊन नव्याने लिहिला. चार मिनिटांचा खुलासा त्यात राहू दिला. दहा मिनिटांचा खुलासा माझ्या सहीने खाली जोडला. बोळाच्या तोंडाशी वाहने लावण्यास मनाई व्हावी, ही विनंती शेवटी.

माई आता नाहीत. पण अजूनही नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवण्यापूर्वी मी बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो. वाट मोकळी आहे ना, एवढे पाहतो. मगच काडी ओढतो.