मिरगीचा शोध

शुभवर्तमानकार मार्क ह्याच्या नवव्या अध्यायात कधी विस्तवात, तर कधी पाण्यात पडणाऱ्या एका मुलाची हकिकत आहे. प्रभू येशू त्याच्या बापाला विचारतो, की हे केव्हापासून होत आहे? बाप म्हणतो, लहानपणापासून. मिरगीचा रुग्ण समोर आला की आजचा डॉक्टरही हेच विचारतो, ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

चुलीत पडून भाजलेली मुले आम्ही बीड जिल्ह्यात पाहिली आहेत. आधी चप्पल नाहीतर कांदा हुंगवायचा, मग अंगारा, आणि फार उशिरा दवाखाना. "फादर, ह्ये बाहेरचं तर न्हाई ना?" असे ऊसतोडीला जाणाऱ्या एका आईने आम्हांस विचारले होते. "नाही बाई, मेंदूचा आजार आहे. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला दाखवा," असे आम्ही सांगितले.

काही मुलांच्या मेंदूच्या बाह्यपटलाची घडण जन्मापूर्वीच एखाद्या ठिकाणी बिघडलेली असते. त्यांचे झटके पुष्कळदा गोळ्यांना दाद देत नाहीत; तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढता आला तर मूल बरे होऊ शकते. परंतु तो भाग इतका सूक्ष्म असतो, की एमआरआय चित्रात तज्ज्ञांच्याही नजरेतून निसटतो. लंडनच्या संशोधकांनी २०२५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'मेल्ड ग्राफ' हे साधन पुढे आणले. तज्ज्ञांना न दिसलेल्या अशा दोषांपैकी शेकडा ६४ त्याने हुडकले. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये एमआरआय व पेट ही दोन्ही चित्रे अशाच एका यंत्रापुढे ठेवण्यात आली. तेथील १७ मुलांपैकी १२ जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि ११ जणांचे झटके थांबले. हे वाचून आम्ही देवाचे आभार मानले.

मात्र यंत्र शिकवावे तेवढेच ओळखते. आपल्या देशात मुलांच्या झटक्यांमागे अनेकदा फीतकृमीची अळी असते. अस्वच्छ हात, पाणी वा भाजीतून कृमीची अंडी पोटात जातात. शाकाहारी घरेही त्यातून सुटत नाहीत. मेंदूतील ही गाठ पूर्वी क्षयाची समजली जाई व मुलांना क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चांडी ह्यांनी ती बहुधा अळीची असते हे दाखवून दिले. परदेशी मुलांच्या चित्रांवर घडलेल्या यंत्राला आधी आपल्या मुलांची चित्रे दाखवावी लागतील. जेथे मेंदूचे डॉक्टर थोडे, तेथेच ते अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

निदान झाल्यावरही एक अडचण उरते, आणि ती आपल्या जिल्ह्याची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली जोडपी मुलांसह निघतात. फडावरच्या कोपीत पंधरा दिवसांनी गोळ्या संपतात. अशी औषधे एकाएकी थांबली तर झटके पूर्वीपेक्षा जोराने येतात, कधी जिवावरही बेततात. म्हणून गाड्या भरण्यापूर्वी धर्मग्रामातील अशा मुलांची आम्ही यादी करणार आहोत. पट्टा पडेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मिळतील का, हे डॉक्टरांना विचारू. आणि त्यांची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून आईच्या ट्रंकेत ठेवू.