बॉयलरची जन्मपत्रिका

कॉलेजच्या प्रवेश अर्जात ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मजुरी’ असे लिहिले होते. दादांनी अर्ज माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, “मजुरी कशाला लिवलास? बॉयलर अटेंडंट लिव. परीक्षा दिलाव मी.” मी खाडाखोड करून तसे लिहिले, पण त्या दोन शब्दांत किती वजन आहे ते मला गेल्या वर्षी कळले.

आमची बिलोली सीमेवरची. इकडे मराठी, पलीकडे बोधनला तेलुगू आणि दोन्हीकडे उर्दू. माझे आजोबा हंगामात बोधनच्या निजाम शुगर फॅक्टरीत भट्टीत चिपाड टाकायला जात. १९३७ साली निजामाच्या राज्यात उभा राहिलेला तो कारखाना २०१५ मध्ये बंद पडला. आजोबांकडून दादांनी आगीचे काम उचलले. दादा भाताच्या गिरणीत बॉयलरवर आहेत. आपण ज्वारी खाणारी माणसे. पण गिरणीत भात वाफेवर उकडून उकडा तांदूळ करतात, आणि भट्टीत त्याच भाताचे तूस जळते. दादा म्हणतात, “जी पांढरी दिसती ती वाफ नव्हं, ते पाणी झालं. खरी वाफ दिसत नसती.” ते अगदी खरे आहे. पाण्याची वाफ झाली की मोकळ्या हवेत तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती जागा न देता कोंडून ठेवणे म्हणजे बॉयलर.

गेल्या दिवाळीनंतर गिरणीच्या मालकांनी सीमेपलीकडच्या एका बंद गिरणीतला जुना बॉयलर विकत घेतला. ट्रेलरवरून तो उतरला तेव्हा नव्या लाल रंगाने चकाकत होता. दलाल म्हणाला, “दहा किलो प्रेशरला बिनधास्त चालवा.” सगळे खूश होते. दादा मात्र हातोडी घेऊन पत्र्यावर टकटक करीत, कान लावून त्याच्याभोवती फिरले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “नंबर कुठाय?”

प्रत्येक बॉयलरला सरकारदरबारी नोंदणी क्रमांक असतो आणि तो लोखंडावरच कायमचा उमटवावा लागतो. दादांनी तारेच्या ब्रशने रंग खरवडला. खालून ‘एपी’ ही अक्षरे आणि पुढचे आकडे निघाले. महाराष्ट्राच्या बॉयलरवर ‘एमआर’ असते. तेलंगण २०१४ मध्ये वेगळे झाले. पण लोखंडावरचे अक्षर जुन्याच राज्याचे राहिले होते.

दलालाने कागदांची एक गुंडाळी दिली होती. दादांनी ती माझ्यापुढे टाकली. “तूच बग वाचून. मला काय कळतंय ते इंग्रजी?” आमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारा मी पहिलाच. कंदुरीच्या बकऱ्यासारखे सगळे माझ्याकडे बघत होते. गुंडाळीत होती एका वर्षाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, तीही मुदत संपलेली. बाकी सगळ्या पावत्या.

त्याच आठवड्यात आमच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात ‘साधने’ हा विषय शिकवला होता. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे कशी धुंडाळली, आपल्याच निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी फार्सी कागदांतून मराठ्यांचा इतिहास कसा वाचत, हे त्यांनी सांगितले होते. मी भीत भीत त्यांना बॉयलरची गोष्ट सांगितली. सर हसले नाहीत. म्हणाले, “अरे, हेही साधनच. शोध.”

मग मी वाचू लागलो. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशासाठीचा कायदा १९२३ चा. शंभर वर्षे तो चालला आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. अमेरिकेत १८६५ साली ‘सुलताना’ नावाची आगबोट मिसिसिपी नदीत बॉयलर फुटून जळाली, हजारावर माणसे गेली. निघण्यापूर्वी तिच्या एका बॉयलरला घाईघाईने ठिगळ लावले होते, आणि ठिगळाचा पत्रा मूळ पत्र्यापेक्षा पातळ होता. ते वाचून मी पुस्तक मिटले. आमच्या गिरणीत बॉयलरच्या तोंडापुढे जे लोखंडी स्टूल आहे, त्यावर माझे वडील बसतात.

माणसाची जन्मपत्रिका असते तशी बॉयलरचीही असते. तो बांधला जात असतानाच निरीक्षक तपासतो. पोलाद कोणते, पत्रा किती जाड, सांधे कसे जोडले, याचे दाखले आणि नकाशे बनतात. नव्या बॉयलरला चालू दाबाच्या दीडपट पाण्याचा दाब देऊन पाहतात. पुढे तपासणीची एक वही त्याच्याबरोबर राहते. कोणत्या साली नळ्या बदलल्या, पत्रा कुठे झिजला, दाब किती उतरवला, सारे तिच्यात. मुख्य निरीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या अंगात फेरबदल करता येत नाही. ती वही आमच्याकडे नव्हती.

मालकांच्या वतीने अर्ज मीच लिहिला. बॉयलर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आला की जुन्या राज्याकडून त्याचे दप्तर मागवावे लागते. त्याला वेळ लागणार होता. म्हणून मुनीमजी, दादा आणि मी बसने त्या बंद गिरणीवर गेलो. म्हातारा राखणदार दादांशी तेलुगूत बोलला आणि त्याने कुलूप काढले. कपाटात उंदरांनी कुरतडलेल्या खतावण्यांच्या खाली ती वही सापडली. मला पुरलेले धन सापडल्याचा आनंद झाला!

रात्री कंदील नव्हे, पण तेवढ्याच मंद बल्बखाली मी ती दादांना वाचून दाखवली. वेगवेगळ्या निरीक्षकांची वेगवेगळी अक्षरे. एका साली नळ्या बदलल्या. एका साली तळाचा पत्रा झिजल्याचे लिहून दाब साडेदहावरून सातवर आणलेला. दलाल दहा सांगत होता! पुढे तीन वर्षे वही कोरी. राखणदार मात्र म्हणाला होता की गिरणी त्या तीन वर्षांतही चालू होती.

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भट्टीकडच्या खालच्या अंगाला वेल्डिंगचा एक जोड हाय. हाताला लागतोय. ते लिवलंय का?”

मी पाने पुन्हा उलटली. ते कुठेच लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादांनी मालकांना सांगितले, “मी पेटवणार नाही.” मालक संतापले. पैसे अडकले होते, हंगाम तोंडावर होता. दुसरा माणूस बघतो, म्हणाले. दादा पंधरा दिवस घरी बसले. आई काही बोलली नाही. पण भाकरी थापताना तिचा हात जोरात पडत होता. माझी परीक्षेची फी भरायची होती. मला वाटले, मी वाचलेच नसते तर? न वाचता दादांनी बॉयलर पेटवला असता, आणि घर चालले असते. शिक्षणाने घरात पहिल्यांदा काही आणले असेल तर ते संकट, असे त्या दिवसांत मला वाटून गेले.

सोळाव्या दिवशी मालक स्वतः आमच्या दारात आले. दुसरा माणूस आला होता. त्यानेही तो जोड पाहून हात वर केले होते. मग सगळे रीतसर झाले. हैद्राबादहून दप्तर आले. निरीक्षकांनी पत्र्याची जाडी मोजली, तो भाग कापून परवानगीने नवा पत्रा बसवायला लावला, पाण्याचा दाब देऊन पाहिले. चार महिने गेले. दाब सातच ठरला.

त्या दुरुस्तीची नोंद वहीत झाली त्या संध्याकाळी दादांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग हसून म्हणाले, “याचं बरंय. कवा जलमला, कवा आजारी पडला, समदं लिवलेलं.”

दादांच्या जन्माची नोंद कुठेही नाही. आजी सांगे, बहात्तरच्या दुष्काळात जन्मला. शाळेत गुरुजींनी एक जून लिहिले, जसे वर्गातल्या निम्म्या पोरांचे लिहिले होते. पंचवीस वर्षांपूर्वी वाफेने त्यांचा डावा हात भाजला, त्याचीही नोंद कुठे नाही. ती फक्त त्यांच्या कातडीवर आहे.

म्हणून हा लेख. आता गिरणीच्या भोंग्याआधी दादा काच बघतात, पाणी किती आहे ते पाहतात आणि मगच तुसाला आग लावतात. पुढच्या वर्षीच्या अर्जात मी तो रकाना खाडाखोड न करता भरणार आहे.