ब्लास्केटची माणसं

अलिबाग

चि. मनूस,


आयर्लंडमधल्या डिंगलहून तू पाठवलेल्या फोटोत ग्रेट ब्लास्केट बेटावरची बिनछपराची घरं पाहिली. इतकी सुंदर जागा सोडून माणसं का गेली, हा तुझा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

१९१६ साली त्या बेटावर १७६ माणसं राहत होती. थोडे बटाटे, डोंगरावर मेंढ्या, जळणाला पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती. पण खरा आधार मासेमारीचा. लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणून केलेल्या त्यांच्या होडीला ‘नेवोग’ म्हणतात. ती समुद्रात घालायची तर तीन-चार दणकट वल्हेकरी हवेत. बेटावर दुकान नाही, चर्च नाही, डॉक्टर नाही. पिठापासून पाद्र्यापर्यंत सगळं वल्हवत आणायचं.

खारवलेल्या बांगड्याला अमेरिकेत गिऱ्हाईक होतं. पहिल्या महायुद्धानंतर तो बाजार बसला. शेवंडीवर सगळ्यांचं भागेना. तरणी पोरं अमेरिकेला निघाली, कितीतरी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला स्थिरावली. १९४१मध्ये शाळा बंद झाली. १९४६-४७च्या हिवाळ्यात एक तरुण आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर पोहोचू शकला नाही आणि तो दगावला. १९४७च्या एप्रिलमध्ये अन्न संपल्याची तार पंतप्रधान डी व्हॅलेरांना गेली. आम्हाला इथून हलवा, अशी मागणी बेटकऱ्यांनीच केली. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ रोजी स्थलांतर सुरू झालं, तेव्हा जेमतेम बावीस जण उरले होते.

समुद्राने त्यांना हाकललं, असं मला वाटत नाही. समुद्र पिढ्यान्‌पिढ्या तसाच खवळत होता. वल्ही धरणारे हात संपले, तेव्हा वस्ती संपली.

पण जाण्याआधी त्यांनी आपलं जगणं स्वतःच्या आयरिश भाषेत नोंदवून ठेवलं. तोमास ओ क्रोहन या मासेमाराचं आत्मचरित्र १९२९मध्ये आलं. १९३३मध्ये मॉरिस ओ’सुलिव्हनने बेटावरचं बालपण लिहिलं. पेग सेयर्सने आपली हकीकत मुलाला सांगून लिहवली, ती १९३६मध्ये छापली गेली. एवढ्याशा वस्तीतून इतकं लेखन यावं, याचा मला अपार आदर वाटतो.

तेव्हा पुढच्या खेपेस डनक्विनचं ब्लास्केट सेंटर पाहा, आणि त्याआधी तोमासचं पुस्तक वाच, इंग्रजीत मिळेल. त्या घरांत कोण राहत होतं, ते तिथल्याच माणसाकडून ऐकावं.

तुझी,
मावशी