उजेडाचे वजन

चाळीस वर्षांपूर्वी एका मुलाला मी भर वर्गात खाली बसवले. त्याची बोच अजून गेलेली नाही.

नववीचा वर्ग होता. जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते ते द्रव्य, अशी व्याख्या मी फळ्यावर लिहिली आणि प्रकाश हे द्रव्य नव्हे, असे सांगून पुढे निघालो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. अंगाने किरकोळ, बोलायला भिडस्त. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो, असे त्याने कुठेतरी वाचले होते. म्हणाला, "सर, सूर्य त्याला ओढतो, म्हणजे उजेडाला वजन असणारच की!"

मला उत्तर येत नव्हते. उत्तर आले नाही की शिक्षक विनोद करतो. मी म्हणालो, "अरे, रात्री कंदील लावला म्हणजे तुमचे घर जड होते काय?" वर्ग खो-खो हसला. मुलगा बसला. त्यानंतर वर्षभर त्याने हात वर केला नाही. दहावीनंतर तो कुठे गेला, ते मला कळले नाही.

त्या प्रश्नाचा अभ्यास मी केला तो निवृत्तीनंतर. प्रकाशाच्या कणाला, म्हणजे फोटॉनला, वस्तुमान नाही. एवढे माझे म्हणणे खरे होते. शास्त्रज्ञांनी ते मोजून पाहण्याची शिकस्त केली आहे. असलेच, तर ते इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाला एकावर तेवीस शून्ये एवढ्या संख्येने भागून येईल त्याहूनही कमी आहे. तराजूत घालावा, तर हा कण क्षणभरही थांबत नाही. निर्वातात त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

पण वस्तुमान नाही म्हणजे काहीच नाही, असे मी जे सुचवले ते साफ चूक होते. फोटॉनजवळ ऊर्जा असते आणि संवेगही असतो. तो जिथे आदळतो तिथे ढकलतो. रशियन शास्त्रज्ञ लेबेदेव याने 1901 साली हा दाब प्रयोगाने मोजून दाखवला. भर दुपारी एक एकर रानावर जे ऊन पडते, त्याचा भार दीड ग्रॅमच्या आसपास भरतो. चिमूटभर तांदूळ म्हणा! एवढ्याशा रेट्यावर 2010 साली जपानचे 'इकारोस' यान अवकाशात शीड उभारून चालले.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. एकट्या फोटॉनला वस्तुमान नाही. पण परस्परविरुद्ध दिशांनी निघालेल्या दोन फोटॉनांचा एकत्र हिशेब केला, तर त्या जोडीला वस्तुमान असते! आतून आरसे लावलेल्या पेटीत उजेड कोंडता आला, तर ती पेटी तेवढी जड भरेल. शून्यात शून्य मिळवून शून्यच येते, असे मी जन्मभर शिकवले होते.

आणि त्या मुलाचे काय? प्रकाशाला साधा दगड मानून न्यूटनच्या नियमाने गणित केले, तर सूर्याच्या कडेजवळून जाणारा किरण सुमारे 0.87 विकला वाकावा. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. 1911 साली खुद्द आइन्स्टाइनने वेगळ्या वाटेने जाऊन जवळपास हेच उत्तर काढले होते. 1915 साली त्याने ते सुधारले आणि आकडा दुप्पट झाला: 1.75 विकला. सूर्य उजेडाला वजनामुळे ओढत नाही. सूर्यामुळे अवकाश आणि काळ यांची घडणच वाकते, आणि उजेड त्या वाकलेल्या वाटेने आपला सरळ जात असतो. 29 मे 1919 च्या ग्रहणात घेतलेल्या छायाचित्रांनी मोठ्या आकड्याच्या बाजूने कौल दिला. त्यावर वाद झाले. पण पुढे रेडिओ-दुर्बिणींनी तो आकडा पक्का केला.

म्हणजे त्या मुलाचे अनुमान चुकले होते. पण 1911 साली आइन्स्टाइन जिथे उभा होता, त्याच्या आसपासच कुठेतरी तो चुकत होता. तिथून पुढे जायला आइन्स्टाइनला चार वर्षे मिळाली. माझ्या विद्यार्थ्याला मी चार मिनिटेही दिली नाहीत.

आता माझ्या त्या विनोदाचे. कंदिलाने घर जड होत नाही, हे खरे. तेलातली ऊर्जाच उजेड होऊन बाहेर पडते. म्हणून जेवढा उजेड खिडकीतून निघून जातो, तेवढे घर हलके होते. सूर्य असाच दर सेकंदाला 40 लाख टनांहून अधिक हलका होत असतो. दिव्याच्या बाबतीत हा फरक इतका सूक्ष्म, की कोणत्याही काट्याला तो कळायचा नाही.

दिवाळीत अंगणात पणत्या लावताना मला दरवर्षी हा हिशेब आठवतो. तो मुलगा आता पंचावन्नच्या घरात असेल. कुठे भेटला, तर त्याला सांगेन, "बाबा रे, तुझे उत्तर चुकले होते, पण प्रश्न बरोबर होता. माझे उत्तर तर धड उत्तरही नव्हते." मग जमले तर त्याला ओसरीवर बसवून, एखादी पणती मध्ये ठेवून, पहिल्यापासून सुरुवात करीन.