आधी वही घाल

चि. बाळ यास,


काल फोनवर तू सहज सांगून गेलास, की कंपनीतल्या अठराही जणांच्या संगणकांत पाळतीचं सॉफ्टवेअर घातलंस आणि दर दहा मिनिटांनी त्यांच्या स्क्रीनचा फोटो तुझ्याकडे येतो. मी नुसतं 'बरं' म्हटलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. अरे, अण्णांनी दुकानात कधी गल्ल्याला कुलूप लावलं होतं का?

आमच्या मजल्यावरची मुलगी अशाच घरून करायच्या नोकरीत आहे. परवा विरजण मागायला गेले, तर लॅपटॉप ओट्यावर, कढईत फोडणी तडतडतेय आणि ही डाव्या हाताने माऊस हलवतेय. का, तर पाच मिनिटं हात थांबला की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो! मोहरी जळली, कामही झालं नाही. तुझ्या माणसांचंही हेच होणार.

शांघायच्या सीट्रिप कंपनीचा २०१०-११ मधला प्रयोग तुला मागेच सांगितला होता. सम तारखेला जन्मलेले घरी, विषमवाले कचेरीत. नऊ महिन्यांत घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. तेवढंच तुझ्या लक्षात राहिलं. पण ती माणसं स्वखुशीने आलेली, सहा महिने कामात मुरलेली, घरी स्वतंत्र खोली असलेली. आणि आठवड्यातून एक दिवस कचेरीत येणारी! तू एका सोमवारी सगळ्यांनी घरूनच काम करायचं फर्मान काढून मोकळा झालास.

वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, आधी वही घाल. टेबलापाशी 'ते जरा बघून घे' म्हटलं की भागतं. लांबच्या माणसाला काम कोणतं, कोणाचं, कधीपर्यंत आणि झालं हे कशावरून समजायचं, सगळं लिहूनच द्यावं लागतं. गिटलॅब कंपनीला कचेरीच नाही. त्यांची कामाची रीत दोन हजारांवर पानांत लिहिलेली आहे, कोणीही उघडून वाचावी. अण्णा वारीला गेले तरी आईचा एक हिशेब अडला नाही, रोजमेळात सगळं होतं म्हणून. तुझं सगळं डोक्यात. माणसं दिवसभर तुलाच विचारत बसतात आणि तुला ती कामचुकार वाटतात.  

सीट्रिपमध्ये पुढे मुभा मिळाल्यावर घरच्यांपैकी जवळपास निम्मे कचेरीत परतले. एकटं वाटायचं त्यांना. आणि तितकंच काम करूनही बढती घरून करणाऱ्यांना कमी मिळाली, बहुधा ते साहेबांच्या डोळ्यांपुढे नव्हते म्हणून.

म्हणून तुझ्याकडे कामाला असलेल्या त्या बार्शीच्या मुलाचा घोर लागलाय. रुजू झाल्यापासून त्याने कचेरीचा उंबरठा पाहिलेला नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतो म्हणून तू चिडलास; घरात खोली एकच असेल, मागे आजी झोपलेली असेल. त्याला खुर्ची पाठवलीस? इंटरनेटचे पैसे देतोस? पुढच्या गुरुवारी त्याला बोलावून घे आणि जेवायला इकडे आण. भरली वांगी करते. ते सॉफ्टवेअर मात्र त्याआधी काढ.

तुझी,
आक्का